मागचं चाक

१

थंडीने बोटं वाकेनाशी झाली की त्याला बेट आठवायचं. आठ वर्षं हाच क्रम होता. बाहेर भरदुपारी दिवे लावावे लागतील असं धुकं, खिडकीच्या काचा घामेजलेल्या, आणि हा जेवणाच्या टेबलावर त्या उबदार बेटाचा नकाशा पसरून बसलेला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, तिसऱ्यावर बायकोची पर्स, आणि चौथा कोपरा कायम वर वळलेला. जानेवारीच्या शेवटी आठ दिवस तिथे जाऊन सायकल चालवायची, एवढाच बेत. पण सायकलची सहल ठरवणं हे लग्न ठरवण्याच्या वरताण असतं. लग्नात निदान वाऱ्याची दिशा बघावी लागत नाही.

याला ती बघावी लागे. सकाळी पाय ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर निघायचं आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परतायचं. मोठे चढ दुसऱ्या आणि पाचव्या दिवशी. भाड्याच्या सायकलींसाठी पायांची मापं महिनाभर आधी कळवायची. खोली तळमजल्यावरचीच घ्यायची, नाहीतर दिवसभर दमून आल्यावर सायकल खांद्यावर घेऊन जिने चढा. हे सगळं तो एकटा करायचा. त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयत्या वेळी बॅग आणि आपलं स्वतःचं महागडं मागचं चाक घेऊन विमानतळावर उभे राहायचे आणि विचारायचे, "काय मेहुणे, सगळं केलंत ना?" केलेलं असायचंच.

यंदा नकाशा कपाटातून बाहेर निघाला नव्हता. गेल्या वर्षी दोघं गेले होते आणि हा एकटा परत आला होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाची घरी आली. ताईची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस, लहान मुलांना पोहायला शिकवायची. चपला काढता काढताच म्हणाली, "मामा, नकाशा काढ."

"कशाला?"

"मला यायचंय. तुझ्याबरोबर. बाबा जिथे पडले ना, ते वळण मला बघायचंय. नुसतं गाडीत बसून नाही. तुझ्या मागून सायकलवर तो उतार उतरणार आहे मी, बाबा उतरत होते तसा."

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "न्या हो तिला. तेवढंच तिच्या जिवाला बरं वाटेल." मग तिनेच कपाट उघडलं, नकाशा काढला आणि मिठाची बरणी आणायला गेली.

२

घराच्या मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती. इस्त्रीचं टेबल, जुन्या बॅगा, आणि मधोमध ट्रेनर. ट्रेनर म्हणजे एक लोखंडी घोडी. तिच्यावर सायकलचं मागचं चाक चढवायचं आणि जागच्या जागी पॅडल मारत राहायचं. तासभर घाम गाळून माणूस कुठेही पोचत नाही, आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होतो. वर्षभराने त्याने सायकलवरची धूळ पुसली आणि त्या रविवारी सकाळी सातला पाय मारायला सुरुवात केली.

विसाव्या मिनिटाला त्याला मागून टिकटिक ऐकू आली.

लहानपणी ज्याने सायकल चालवली आहे त्याला हा आवाज सांगायला नको. पॅडल थांबवलं आणि चाक मात्र फिरत राहिलं की मागच्या फ्रीव्हीलमधून टिकटिक येते. पुन्हा पॅडल मारलं की बंद. म्हणजे आवाज चाकाचा असला तरी तो न मारलेल्या पॅडलचा असतो. आणि हा तर पॅडल मारत होता.

तो थांबला. त्याच्या सायकलची टिकटिक सुरू झाली, बारीक, साधी. तिच्याखाली ती दुसरी चालूच होती, दणकट, महागड्या चाकाची. त्याचं चाक थांबलं. दुसरं आणखी क्षणभर वाजलं, मग तेही थांबलं.

आता याचा धंदा असा, की तो लोकांचे कान तपासायचा. बाजारपेठेतल्या एका पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान होतं, दोन खोल्यांचं. म्हातारी माणसं त्याला 'कानवाले' म्हणायची. आवाज कुठून आला, किती लांबून आला, हे सांगणं त्याच्या हातचा मळ होता. त्याने मनाशी हिशेब केला. आवाज मागून आला, साधारण वीस पावलांवरून. वळून पाहिलं तर पाठीमागची भिंत चार पावलांवर होती.

पाइपमध्ये हवा अडकली असेल. शेजाऱ्यांचं मशीन असेल. त्याने फोन ठेवून आवाज भरून घ्यायचा प्रयत्न केला. फोनमध्ये नुसतीच त्याची धाप. बायको कपडे घेऊन इस्त्रीला आली, तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला काही ऐकू येतं का गं?"

"येतंय ना. तुमचा श्वास. म्हशीसारखा," ती म्हणाली आणि इस्त्री गरम झाली का ते पाहू लागली.

३

दाजींबद्दल वाईट बोलायची सोय नव्हती. ते गेले म्हणून नव्हे, जिवंत होते तेव्हाही नव्हती. माणूस बोलका, हसरा, चार माणसांत उठून दिसणारा. ते आले की याच्या आईलासुद्धा दुखणं आठवत नसे. हा आला की तिचे गुडघे हटकून दुखायचे.

सायकल चालवताना पुढचा वारा कापतो आणि मागचा त्याच्या पाठीच्या आडोशाला आरामात येतो. दोन चाकांत वीतभर अंतर ठेवलं तर मागच्याची निम्मी मेहनत वाचते. म्हणून आळीपाळीने पुढे यायचं अशी रीत आहे. दाजी आठ वर्षांत कधी पुढे आले नाहीत. याने वारा कापावा आणि त्यांनी पॅडल थांबवून मागे टिकटिक करत यावं. आयत्या बिळावर नागोबा. आणि मग चढ संपायला चारशे पावलं उरली की टिकटिक बंद व्हायची, दाजी उजवीकडून निघून जायचे, आणि वर पोचून फोटो काढायचे. घरी तो फोटो भिंतीवर लागायचा. याच्या मनात हे साचत गेलं. बोलायला गेलं तर किती क्षुल्लक! पण क्षुल्लक गोष्टच जास्त सलते, कारण तिची तक्रार करता येत नाही.

दुसरी एक रीत मात्र कोणी मोडत नाही. मागच्याला रस्ता दिसत नसतो, त्याला दिसते फक्त पुढच्याची पाठ आणि चाक. म्हणून रस्त्यात काही आलं की पुढच्याने हाताने दाखवायचं. खड्डा असला तर बोट करायचं, खडी असली तर हात खाली नेऊन पंजा हलवायचा. पुढच्याचा हात म्हणजे मागच्याचे डोळे. यात रुसवेफुगवे चालत नाहीत. बापाच्या वैऱ्यालाही खड्डा दाखवायचा असतो.

गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळी, डोंगराच्या माथ्यावर, दाजींनी ताईला फोन लावला, स्पीकरवर. "आजही तुझ्या भावाला मागे टाकलं बरं का! अगं, याच्या पाठीमागे झोप काढली तरी मी पोचतो." तिकडून ताई हसली, भाची हसली. हाही हसला. मग दोघं उतरू लागले, हा पुढे, दाजी मागे.

खडी त्याला दिसली. चांगली तीन सेकंद आधी दिसली. उजव्या वळणावर कोणाच्या तरी गाडीतून सांडलेली, रस्त्याच्या अर्ध्या भागात पसरलेली. कडेने हातभर पट्टी स्वच्छ होती. त्याने आपली सायकल त्या पट्टीवर घेतली. हात हँडलवरून उचलला नाही. मनात आलं होतं ते एवढंच, की बसू दे एकदा धक्का. घसरतील, गुडघा फुटेल, घाबरतील. याहून जास्त काही नव्हतं मनात. खरंच नव्हतं.

मागची टिकटिक एकदम बंद झाली. किंकाळी नाही, काही नाही. तो आणखी दोन वळणं खाली गेला आणि मग थांबला.

पुढे सगळ्यांना त्याने सांगितलं, "मलाच खडी दिसली नाही. मी कसा वाचलो, देव जाणे." विमानतळावर ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू तरी वाचलास." आणि आता तिचीच मुलगी त्याच्या मागून त्याच उतारावर यायचं म्हणत होती, त्याच्या हातावर विसंबून.

४

पुढच्या रविवारी भाची वही आणि पेन्सील घेऊन आली. टेबलावर मामा-भाचीची तिसऱ्या दिवसावरून जुंपली. बाकीचे दिवस बिनबोभाट ठरले होते. पहिल्या दिवशी किनाऱ्याने, दुसऱ्या दिवशी लहान डोंगर, चौथा दिवस विश्रांतीचा.

"तिसऱ्या दिवशी दीपस्तंभापर्यंत जाऊ," तो म्हणाला. "सपाट रस्ता आहे. समुद्र सारखा डाव्या हाताला."

"तिसऱ्या दिवशी मोठा डोंगर, मामा."

"तो रस्ता बंद आहे. दरड कोसळली आहे तिकडे."

भाचीने पेन्सील खाली ठेवली. "नाही रे, उघडा आहे. मी तिथल्या भाड्याच्या सायकलवाल्याला विचारलं फोन करून. त्याला बाबा आठवतात. तुझीही फार स्तुती केली त्याने. म्हणाला, तुझा मामा सावध माणूस आहे, त्याचं चाक सोडू नकोस म्हणजे झालं."

त्याने नकाशावरचा डोंगर बोटाने दाबून धरला, जसा काही तो उठून जाणार होता. बायको आत चहा टाकत होती. भांड्यांचा आवाज येत होता. आता सांगावं, असं त्याला वाटलं. आत्ता, चहा यायच्या आत. सांगितलं तर ही पोरगी उठून निघून जाईल, ताई दार लावून घेईल, आणि आयुष्यभर कोणी तोंड बघणार नाही. पण मग ती त्याच्या मागून उतारावर तरी येणार नाही.

"बाळा, त्या दिवशी..."

"काय?"

मागून टिकटिक सुरू झाली. जेवणाच्या खोलीत, जिथे सायकल नव्हती, चाक नव्हतं, फिरण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. आठ पावलांवर. तिथे फ्रिज होता आणि फ्रिजच्या मागे भिंत. ऐकणाऱ्याला घाई नसते तसा तो आवाज येत होता, सावकाश, मजेत. भाची त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला काही ऐकू येत असल्याचं दिसत नव्हतं.

"त्या दिवशी ऊन फार होतं," तो म्हणाला.

"हो, तू सांगितलंयस," ती म्हणाली, आणि तिने वहीत तिसऱ्या दिवसापुढे डोंगराचं नाव लिहिलं.

५

चोराच्या मनात चांदणं, हे त्याला कळत होतं. कळणं आणि वळणं यात कोसांचं अंतर असतं, तरी कळण्याचाही एक आधार वाटतो. त्याने स्वतःची समजूत अशी घातली, की हा आवाज माझ्या मनातला आहे. मी अपराधी आहे म्हणून मला तो येतो. भाचीला येत नाही, बायकोला येत नाही, फोनला येत नाही. आणि मनातल्या आवाजाने कोणी उतारावरून पडत नाही. शेकडो म्हाताऱ्यांना त्याने हेच सांगितलं होतं. "आजी, ती शिट्टी बाहेर नाही वाजत. तुमच्या नसेत वाजते. घाबरू नका, तिच्याकडे दुर्लक्ष करा." आजी मान डोलवायच्या आणि दर महिन्याला पुन्हा यायच्या.

मंगळवारी दुपारी काउंटरवरच्या बाई डबा खायला खाली गेल्या, तेव्हा तो तपासणीच्या बूथमध्ये जाऊन बसला. बूथ म्हणजे कपाटाएवढी खोली. आत एक खुर्ची, चारही भिंतींना करड्या स्पंजचे जाड थर, वीतभर जाडीचं दार आणि समोर एक काच. दार लावलं की रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा आत पोचत नाहीत. नवखा माणूस आत बसला की त्याला आधी आपली गिळलेली थुंकी ऐकू येते, मग आपलं हृदय. काही लोक दोन मिनिटांत बाहेर काढा म्हणतात.

त्याने डोळे मिटले. थुंकी, हृदय, मानेतल्या शिरेचा घरघराट. सगळे ओळखीचे आवाज. बाकी काही नाही. एक मिनिट झालं. दोन मिनिटं. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो स्वतःशीच हसला. सगळ्या जगाची शांतता त्याने भाड्याने घेतली होती आणि तीत कोणीही नव्हतं.

मग टिकटिक झाली. डोक्याच्या मागे, वीतभर अंतरावर.

याहून जवळ चाक आणता येत नाही, कोणालाही. त्याच्या पाठीला खुर्चीची पाठ टेकलेली होती आणि तिच्या मागे स्पंजची भिंत होती, बोटभर फट सोडून. त्या फटीत ते चाक फिरत होतं. आवाज आधीइतकाच मजेत होता. मागे हात नेऊन चाचपायला हवं होतं, म्हणजे काही नाही हे सिद्ध झालं असतं. त्याने हात नेला नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून तो बसून राहिला, आणि बाई जिना चढून वर आल्या तेव्हाच बाहेर आला.

"जेवला नाहीत?" बाईंनी विचारलं.

"भूक नाही," तो म्हणाला.

६

घोडी एकच होती म्हणून पुढच्या रविवारी भाचीने दुसरी कोणाकडून तरी मागून आणली. खोली चिंचोळी, दोन सायकली शेजारी शेजारी मावेनात. मग एकीमागे एक लावल्या. हा पुढे, ती मागे.

खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. मागे एक खरी सायकल होती, खरा माणूस होता. टिकटिक झाली तर ती भाचीची, असं म्हणायची सोय झाली. भाची शिकवल्यासारखं चालवत होती, श्वास लांब, पाय एका लयीत. समोरच्या भिंतीवर तिने बेटाचा नकाशा चिकटवला होता, लाल पेन्सिलीने तिसऱ्या दिवसाची रेघ ओढून. ती रेघ डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून तो हँडलकडे बघत होता. चाळीस मिनिटं गेली.

मागून भाचीचं हसू ऐकू आलं. "मामा, कोणाला दाखवतोयस?"

"काय?"

"अरे, हात. मघापासून चौथ्यांदा."

त्याने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात हँडलवर नव्हता. तो मांडीच्या खाली गेला होता, पंजा उघडा, बोटं पसरलेली, आणि हलत होता. मागच्याला खडी दाखवताना हलवतात तसाच. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. हात थांबवायला त्याला दुसऱ्या हाताने धरावा लागला.

"हे खडीचं ना?" भाची अजून हसत होती. "मी शिकलेय सगळ्या खुणा. आणि या फरशीवर एवढी खडी कुठे दिसली तुला?"

"सवय आहे गं," तो म्हणाला. "वीस वर्षांची सवय. हात आपोआप जातो."

भाचीने पॅडल थांबवलं. तिच्या चाकाची टिकटिक हळूहळू मंदावली आणि बंद झाली. त्याला मागे वळायचं धाडस झालं नाही. वळला असता तर तिचा चेहरा दिसला असता, एवढंच. तरी झालं नाही.

"आपोआप जातो," ती सावकाश म्हणाली.

मग तिने टॉवेल घेतला, सायकल तशीच ठेवली, आणि चहा न घेता निघून गेली. बायकोने दारातून विचारलं, "काय बोललात हो तिला?"

"काही नाही."

"तेच तर. तुम्ही कधी काही बोलतच नाही."

७

बुधवारी दुपारी भाची दुकानात आली. काउंटरवरच्या बाई जेवायला गेल्या होत्या. ती आजवर कधी इथे आली नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते.

"माझे कान तपास," ती म्हणाली. "रविवारपासून काहीतरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

"आधी तपास, मग सांगते."

पोहण्याने पाणी जातं कानात, असं तो म्हणाला आणि त्याला ते मनापासून पटलंही. त्याने तिला बूथमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात वायरचं बटण दिलं. रीत सोपी होती. तो बाहेरून बारीक सूर सोडणार, तिला ऐकू आला की तिने बटण दाबायचं. दाबलं की बाहेर त्याच्या टेबलावरचा हिरवा दिवा लागतो. दिवा म्हणजे, ऐकू आलं.

त्याने सूर सोडले. दिवा लागला, विझला, लागला. डावा कान उत्तम, उजवा कान उत्तम. लहान मुलाचे असावेत असे कान. त्याने मशीनचा खटका बंद केला आणि काचेतून तिला 'झालं' अशी खूण केली. तिचे डोळे मिटलेले होते.

दिवा लागला.

मशीन बंद होतं. त्याने खटका पुन्हा पाहिला, वायर पाहिली. दिवा विझला, पुन्हा लागला. मग लागत-विझत राहिला, एका मापात, सावकाश, मजेत. आत भाचीचा अंगठा बटणावर उठत होता, पडत होता. आत काय वाजतंय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दिव्याकडे बघताना त्याची शेवटची समजूत गेली. आवाज त्याच्या मनातला नव्हता.

त्याने दार उघडलं. भाचीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"शेवटची ती टिकटिक," ती म्हणाली. "तू सोडलेली नव्हतीस ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"बाबांच्या चाकाची आहे. गल्लीच्या तोंडाशी आले की आम्हाला घरात ऐकू यायची. आई गॅस लावायची." बटण आतल्या खुंटीला नीट अडकवून ती बाहेर आली आणि तिने दार लोटलं. ती रडत नव्हती. "मामा, मी तीन रात्री झोपले नाहीये. माझ्या मनात फार घाण विचार आलाय तुझ्याबद्दल. एकदाच विचारते, मग कधी नाही विचारणार. तुला खडी दिसली होती का?"

टेबलावर तिने आल्या आल्या ठेवलेली वही होती, आठ दिवस आखलेली. दोघांमध्ये अडीच हात अंतर होतं. हो म्हटलं तर हे सगळं इथेच संपणार होतं, सहल, ताई, मामा ही हाक. नाही म्हटलं तर ही पोरगी तिसऱ्या दिवशी त्याच्या मागे वीतभर अंतरावर असणार होती, खाली मान घालून, फक्त त्याची पाठ बघत. त्याला दोन्ही स्वच्छ दिसत होतं. त्याला नेहमीच वेळेवर दिसायचं.

"नाही," तो म्हणाला. "नाही दिसली, बाळा."

तिच्या पाठीमागे, टेबलावर, हिरवा दिवा लागला.

"दिसली असती तर दाखवली असतीस."

"म्हणजे काय? हे काय विचारणं झालं?"

दिवा विझला आणि पुन्हा लागला. त्याने मान न हलवता बूथच्या काचेकडे नजर नेली. खुर्ची रिकामी होती. पण बटण खुंटीवर नव्हतं. त्याची वायर खुंटीच्या खालून खुर्चीकडे ओढलेली होती, ताठ, बसलेल्या माणसाच्या हातापर्यंत जाईल एवढी.

भाचीने पुढे होऊन त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि मग मात्र ती हमसून हमसून रडली. "मला माफ कर रे," ती म्हणत होती. "तुझ्याबद्दल असा विचार केला मी. बाबांना काय वाटलं असतं!" रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं, फोन काढला आणि तिकिटांचं पान उघडलं. तारखा तिला पाठ होत्या. नावं भरून झाल्यावर तिने वर पाहिलं. डोळे ओले होते, पण रविवारनंतर पहिल्यांदाच ती हसली.

"आता नाही भीती वाटत. मी तुझं चाक सोडणार नाही, मामा. काढू ना तिकिटं?"

दिवा लागलेलाच होता. तो त्याच्याकडे बघत राहिला, विझण्याची वाट बघत, आणि म्हणाला, "काढ."

तिने काढली.